उमेदवाराच्या जुन्या चौकशीचा अहवाल मतदानाआधी बघायला मिळतो का? मला ८(१)(ज) लावून परत पाठवलं

कृष्णाकाठचा_वाटसरू (शुक्रवार, २६ डिसेंबर २०२५)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या नगरपरिषदेचं मतदान २ डिसेंबरला झालं. गावाचं नाव देत नाही, नळाचं कनेक्शन अजून तिथूनच घ्यायचंय. नगराध्यक्षपदाला जे उभे होते त्यातले एक गृहस्थ आधीही पदावर होते आणि त्यांच्या काळातल्या पाइपलाइनच्या कामाची चौकशी झाली होती. चौकशी झाली हे गावातल्या शेंबड्या पोराला पण माहितीये, अहवाल आला असंही सगळे म्हणतात, पण अहवालात लिहिलंय काय ते वाचलेला एक माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यांची माणसं म्हणतात क्लीन चिट, समोरची म्हणतात ठपका. प्रचारात दोन्हीकडून याच्यावरच भाषणं, आणि दोन्हीकडच्यांच्या हातात कागद शून्य.

म्हटलं आपणच मागवू. ४ नोव्हेंबरला निवडणूक जाहीर झाली, ५ ला मी माहिती अधिकारात जोडपत्र अ भरून, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवून अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर कधी आलं? ४ डिसेंबरला. मतदान होऊन दोन दिवस, बोटावरची शाई तशीच होती. आणि उत्तर काय तर 'सदर माहिती कलम ८(१)(ज) अन्वये देता येत नाही'. बास, एक ओळ आणि खाली सही.

म्हणजे तोच ना वैयक्तिक माहितीचा जे, जो नोव्हेंबरातच बदलला म्हणून पेपरात आलं होतं? सार्वजनिक पैशाची पाइपलाइन यांची वैयक्तिक कशी झाली?

दुसरं म्हणजे माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे कोणी इलेक्शनला उभा राहिला की त्याचे सगळे जुने सरकारी कागद लोकांपुढे येतात, लपवताच येत नाही. खरंय का हे? आणि आपल्याकडे का नाही?

ते निवडून आले की पडले हे कृपया विचारू नका, तो मुद्दा नाहीये.

---

सनद_ताई

भाऊ, आधी एक बारीक गोष्ट. तुझ्या पत्रातला 'ज' म्हणजे इंग्रजी जे नव्हे. मराठी अधिनियमात खंड क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज असे जातात, मोजून बघ, ज आठवा येतो, म्हणजे इंग्रजीतला एच. जे म्हणजे ञ. हा गोंधळ मी दर महिन्याला बघते, लोक ज वाचून वैयक्तिक माहितीवर अपील ठोकतात, अपिलीय अधिकारी म्हणतो हा मुद्दा इथे लागूच नाही, आणि अपील फेटाळलं.

तुला एच लावलाय. म्हणजे त्यांचं म्हणणं असं की माहिती दिली तर तपासाला अडथळा येईल. आता हे तुझ्या फायद्याचं आहे. कारण एक तर तपास चालू असला पाहिजे, आणि नुसता चालू आहे म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने अडथळा नेमका कसा येतो ते त्यांनी सांगायला पाहिजे. दिल्ली हायकोर्टाचा २००७ चा भगत सिंग निकाल यावरच आहे, अपिलात बिनधास्त लिही. एका ओळीच्या उत्तरात यातलं काहीच नाही.

ञ लावला असता तर मात्र तू अडचणीत होतास. आधी त्या खंडात बऱ्याच अटी होत्या: माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तर, किंवा कोणाच्या खाजगीपणावर नाहक अतिक्रमण होत असेल तर, आणि तरीही व्यापक जनहित असेल तर द्यायची. वर शेवटी ते सुंदर वाक्य, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाच नाकारता येणार नाही. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, पण त्यातली ही दुरुस्ती लागू झाली या नोव्हेंबरच्या मध्यावर, तुझा अर्ज टेबलावर पडलेला असताना. आता तिथे एवढंच उरलंय की वैयक्तिक माहिती असेल तर देणं बंधनकारक नाही. ते सुंदर वाक्य पण गेलं. कलम ८(२) शिल्लक आहे, जनहित जास्त असेल तर देता येतं, पण ते तुला मांडून, भांडून मिळवावं लागतं. तसं आधीही फार सुख होतं असं नाही, २०१२ च्या देशपांडे निकालापासून मेमो, कारणे दाखवा नोटीस, इन्कम टॅक्स रिटर्न सगळं वैयक्तिकमध्ये ढकलायची सवय लागलेलीच आहे.

पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसात. म्हणजे ३ जानेवारी. जोडपत्र ब, वीस रुपये. आज २६ आहे, धागे काढत बसू नकोस.

---

चहाटळ

एक ओळ आणि खाली सही मिळाली म्हणजे नशीबवान आहात. मला नुसती सही मिळाली होती.

---

हडसनपलीकडे

मावसभावाला माझा नमस्कार सांगा आणि विचारा तो नक्की कोणत्या अमेरिकेत असतो. मी न्यू जर्सीत २२ वर्षं आहे, इथे अगदी उलटं बघितलंय.

२००३ मधली गोष्ट घ्या, मी नवीनच होतो तेव्हा. हॉवर्ड डीन हा व्हर्माँटचा ११ वर्षं गव्हर्नर. जानेवारी २००३ ला पद सोडताना त्याने आपल्या कारभाराच्या कागदांतला मोठा गठ्ठा १० वर्षांसाठी सीलबंद करून टाकला. आधीच्या गव्हर्नरांनी ६ वर्षं केला होता. आणि का केलं ते रेडिओवर हसत हसत सांगून पण टाकलं, की पुढे एखाद्या मोक्याच्या वेळी काही अडचणीचं पेपरात यायला नको. मोक्याची वेळ म्हणजे काय ते लवकरच कळलं, पठ्ठ्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि वर्षअखेर डेमोक्रॅटांमध्ये सगळ्यात पुढे गेला. मग ओरडा झाला, ज्युडिशियल वॉच नावाची संस्था कोर्टात गेली. डीनचं उत्तर काय, तर बुश त्यांचे उघडत असतील तर मी पण माझे उघडतो.

हा टोमणा उगाच नव्हता. धाकट्या बुशने टेक्सासचं गव्हर्नरपद सोडताना आपले कागद उचलून वडिलांच्या नावाच्या ग्रंथालयात नेऊन ठेवले होते, जे केंद्र सरकार चालवतं, म्हणजे मग टेक्सासचा माहितीचा कायदा त्यांना लागतो की नाही हाच वाद. २००२ मध्ये टेक्सासच्या अॅटर्नी जनरलने सांगितलं की लागतो. पण तोवर साहेब व्हाइट हाउसमध्ये. डीनचं पुढे काय झालं, जानेवारी २००४ मध्ये आयोवात तिसरा आला, ती प्रसिद्ध किंकाळी मारली, आणि त्या खोक्यांची चर्चा पण तिथेच विझली.

नंतर हिलरी क्लिंटन. २००७-०८ चा सगळा प्रचार 'मला अनुभव आहे' यावर, अनुभव म्हणजे व्हाइट हाउसमधली ८ वर्षं, आणि त्या ८ वर्षांचे कागद नवऱ्याच्या नावाच्या ग्रंथालयात, लिटल रॉकला. राष्ट्राध्यक्षांच्या कागदांचा १९७८ चा कायदा आहे, त्यात पद सोडल्यावर ५ वर्षांनी कागद मागता येतात, काही ठराविक प्रकारचे १२ वर्षं अडवता येतात. मागता येतात म्हणजे मिळतात असं नाही. रांग लागते, नॅशनल अर्काइव्हजची म्हणजे सरकारी अभिलेखागाराची माणसं पान पान बघून काळं फासतात. शेवटी कोर्टबाजी होऊन तिच्या रोजच्या भेटीगाठींच्या वेळापत्रकाची ११ हजारांवर पानं बाहेर आली १९ मार्च २००८ ला. त्यात नाफ्टा या मुक्त व्यापार कराराच्या बाजूने १९९३ मध्ये झालेल्या बैठकीची नोंद, आणि प्रचारात तर ती सांगत होती मी या कराराच्या विरोधात होते. आता ज्या ओहायोत हा नाफ्टा सगळ्यात पेटलेला, कारखाने बंद पडलेले, तिथलं मतदान कधी झालं? ४ मार्चला. पंधरा दिवस आधी.

आणि आमचे मिट रॉम्नी तर थोरच. मॅसॅच्युसेट्सचं गव्हर्नरपद २००६ अखेरीस संपतंय तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या ११ जणांनी आपापल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क स्वतःच्या पैशाने विकत घेतल्या, १७ डिस्क, प्रत्येकी ६५ डॉलर. जुनं सामान आठवण म्हणून नेतात ना तसं. बाहेर आलं नोव्हेंबर २०११ मध्ये, तेव्हा ते परत उमेदवार. आणि गंमत म्हणजे बेकायदा म्हणता येईना, कारण तिथल्या वरच्या कोर्टाने १९९७ मध्येच सांगून ठेवलेलं की गव्हर्नरच्या ऑफिसला सार्वजनिक कागदांचा कायदा लागत नाही.

बायडन २०२० मध्ये. सिनेटमधल्या ३६ वर्षांची अठराशेवर खोकी डेलावेअर विद्यापीठाला देऊन ठेवलेली, अट अशी की सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी उघडायची. एका बाईने गंभीर आरोप केले, लोक म्हणाले खोकी उघडा, ते म्हणाले तसली तक्रार तिथे नसतेच, नॅशनल अर्काइव्हजला विचारा, मग सिनेटच्या सचिवाला पत्र लिहिलं, सचिव म्हणे कायद्याने मला सांगता येत नाही. आणि सिनेटरचे कागद तर कायद्याने त्याच्या स्वतःच्या मालकीचे धरले जातात, सरकारचे नाहीतच, दिले तर दिले.

लपवायचं असलं की इकडे पण जागा सापडते. फक्त तुमच्याकडे रेकॉर्ड रूम असते, इकडे ग्रंथालय असतं, एसी असतं.

---

पिंपळपान

@हडसनपलीकडे ओहायोचं वाचून मला आपले इलेक्टोरल बाँड, म्हणजे पक्षांना देणग्या द्यायचे निवडणूक रोखे, आठवले. तिथे तर अक्षरशः सीलबंद लिफाफा होता.

१२ एप्रिल २०१९, लोकसभेचं मतदान सुरू होऊन एक दिवस झालेला, सुप्रीम कोर्ट म्हणालं सगळ्या पक्षांनी बाँडमधून मिळालेल्या देणग्यांचा तपशील सीलबंद लिफाफ्यात निवडणूक आयोगाला द्यायचा. कधीपर्यंत? ३० मे. निकाल कधी? २३ मे. म्हणजे लिफाफ्याची मुदत संपली तेव्हा निकाल लागून गेलेला होता आणि तो लिफाफा तसाच बंद पडून राहिला जवळजवळ ५ वर्षं.

मग १५ फेब्रुवारी २०२४ ला बाँडच रद्द. स्टेट बँक म्हणे आकडे जुळवायला ३० जूनपर्यंत वेळ द्या, परत तेच, निकालानंतरची तारीख! ११ मार्चला कोर्टाने झापलं, म्हणाले उद्या संध्याकाळपर्यंत द्या, १४ ला यादी वेबसाइटवर, १६ ला निवडणूक जाहीर, १७ ला ते २०१९ चे लिफाफेही उघडून टाकले, २१ ला नंबर आले ज्यांनी कोणी कोणाला दिलं ते जुळवता आलं, १९ एप्रिलला पहिल्या टप्प्याचं मतदान. एवढं एकच उदाहरण मला माहितीये की बंद कागद मतदानाच्या आधी खरोखर उघडला. तीन-साडेतीन महिने लागणार म्हणणारं काम दहा दिवसात झालं.

कुठल्या एका पक्षाचं म्हणून सांगत नाहीये हां, नाहीतर इथे लगेच सुरू होईल. दिल्लीत बघा, कॅगचे १४ अहवाल विधानसभेत मांडलेच नाहीत, आमदार हायकोर्टात गेले, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने उशिराबद्दल सुनावलं पण अधिवेशन बोलवा असा आदेश काही दिला नाही, ५ फेब्रुवारीला मतदान होऊन गेलं, आणि दारूधोरणाचा अहवाल सभागृहात आला २५ फेब्रुवारीला, नव्या सरकारने मांडला. आपल्याकडे आदर्श सोसायटी घोटाळ्याचा चौकशी आयोग, अहवाल दिला एप्रिल २०१३ मध्ये, सभागृहात ठेवला २० डिसेंबर २०१३, नागपूर अधिवेशनाचा शेवटचा दिवस. चर्चा कधी करणार, सामान बांधताना? आयोगाच्या कायद्यात ६ महिन्यांची मुदत लिहिलेली आहे तरी.

सगळे सारखेच. कागद जाळत कोणी नाही, फक्त तारीख पुढे ढकलतात.

---

माजी_अभिलेखपाल

मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली १४ अभिलेख कक्षात. धूळ, कसर, लाल फडक्यातले गठ्ठे, आणि दर पावसाळ्यात एक कोपरा ओला. तेव्हा दुसरी बाजू पण ऐका, मग मला शिव्या घाला.

निवडणूक लागली की आमच्याकडे माहितीच्या अर्जांचा पूर यायचा. अर्जदाराचं नाव कोणाचं का असेना, अक्षर तेच, शब्द तेच, खाली पत्ता एकाच गल्लीतला. विरोधी उमेदवाराच्या ऑफिसात बसून लिहिलेले. आणि मागायचे काय, तर 'अमुक यांच्याविरुद्ध आलेल्या सर्व तक्रारींच्या प्रती'. अहो तक्रारी म्हणजे काय असतं माहितीये का, पाच निनावी अर्जांतले तीन भाऊबंदकीचे. एकात लिहिलेलं की अमक्या पुढाऱ्याने विधवा बाईला घरकुल दिलं ते का दिलं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. बाईचं नाव, गट नंबर, सगळं. चौकशीत निघालं काहीच नाही, ती यादीत क्रमांकाने बसत होती. तो कागद मतदानाच्या चार दिवस आधी बाहेर गेला असता तर पुढारी फार तर पडला असता. त्या बाईने गावात राहायचं कसं? म्हणून मी अडवला, आणि आज पण अडवेन.

@हडसनपलीकडे तुमच्याकडेच झालं होतं ना, इलिनॉयला, २००४ मध्ये. सिनेटच्या उमेदवाराचे घटस्फोटाचे कागद, लहान मुलाच्या ताब्याचे, आईबाप दोघंही सांगत होते उघडू नका, पेपरवाले कोर्टात गेले, उघडले, उमेदवार मैदान सोडून गेला. आणि ती जागा जिंकून ओबामा वर आले. देशाचं भलं झालं की वाईट ते तुम्ही ठरवा, त्या मुलाला कोणी विचारलं नाही.

पण. तक्रारींचा गठ्ठा वेगळा आणि चौकशीचा अंतिम अहवाल वेगळा. अहवाल हा सरकारी अधिकाऱ्याने सरकारी पगारावर सरकारी पैशाबद्दल लिहिलेला कागद आहे, तो दडवायचं कारण नाही. त्यात कोणा तिसऱ्याचं नाव असेल तर कलम १० आहे, तेवढ्या ओळी झाकून उरलेलं द्यायचं. हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं. करायला कंटाळा येतो म्हणून लोक ज लावून मोकळे होतात.

बाकी मुदतीचं म्हणाल तर बाबू लोक लबाडी करतात असं नेहमीच नसतं. ३० दिवस म्हणजे तिसाव्या दिवशी असंच आमच्या अंगवळणी पडलेलं, निवडणूक असो नसो. तिसऱ्या व्यक्तीचा संबंध आला तर त्याला नोटीस काढायची, म्हणणं मांडायला १० दिवस द्यायचे, मग ४० दिवस होतात. वाटसरूच्या गावाची निवडणूक जाहीर झाल्यापासून मतदानापर्यंत होते २८ दिवस. आता तुम्हीच गणित करा.

---

चहाटळ

महापालिकांना जास्त दिलेत. १५ डिसेंबरला घोषणा, १५ जानेवारीला मतदान, ३१ दिवस. पुणेकर-मुंबईकरांना एक दिवस बोनस.

---

कृष्णाकाठचा_वाटसरू

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ताई, ज चं वाचून कपाळावर हात मारला, मी खरंच अपिलात खाजगीपणावर दीड पान लिहून ठेवलं होतं, फाडलं.

काका, तुमचं पटतंय पण एक सांगा, मग मतदाराने करायचं काय? शपथपत्र बघा म्हणतात, बघितलं. शेती, सोनं, दोन गाड्या, गुन्हे निरंक. चौकशी अहवालाचा उल्लेखच नाही कुठे.

---

सनद_ताई

नसणारच. शपथपत्रात काय येतं ते कोर्टबाजीतून एकेक करून मिळवलेलं आहे. २००२ आणि २००३ च्या निकालांनी गुन्हे, मालमत्ता, शिक्षण आलं. २०१३ मध्ये ठरलं की रकाना रिकामा सोडायचा नाही. २०१८ मध्ये उत्पन्नाचा स्रोत. लोकसभा-विधानसभेच्या फॉर्म २६ मध्ये आता ५ वर्षांचं उत्पन्न येतं, सरकारी बंगल्याचं भाडं, वीज, पाणी, फोन थकलंय का ते पण येतं. म्हणजे आमदाराने नळपट्टी भरली का ते तुला कळतं, पण नळयोजनेच्या चौकशीत त्याचं नाव आलंय का ते नाही. एफआयआर झाला तर गुन्हा म्हणून दिसेल, प्रशासकीय चौकशीत नुसता ठपका असेल तर तो त्या कागदावर कुठेच येत नाही.

आणि कोर्ट हल्ली थोडं मागे पण सरकतंय. एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचलच्या एका आमदाराच्या केसमध्ये म्हणालं की उमेदवाराने प्रत्येक वस्तू जाहीर केलीच पाहिजे असं नाही, त्याला पण खाजगी आयुष्य आहे. तत्त्व म्हणून मला ते चूक वाटत नाही. पण हेच वाक्य उद्या पाइपलाइनच्या अहवालावर चिकटवतील, ही भीती आहे.

खरं तर कायद्यात जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासात माहिती द्यायची सोय आहे. उमेदवाराच्या सार्वजनिक कामाच्या अंतिम अहवालांसाठी अर्ज माघारीच्या तारखेपासून ७ दिवस अशी एक मुदत घातली तर? आमदार-खासदारकीला माघारीनंतर मतदानापर्यंत किमान १४ दिवस असतात, बसतं त्यात.

---

माजी_अभिलेखपाल

सात दिवसात? ताई, तुम्ही कधी रेकॉर्ड रूममध्ये आलात का? :)

गठ्ठा सापडायलाच चार जातात. निवडणुकीच्या काळात तर अर्धा स्टाफ मतदान केंद्राच्या याद्यांवर आणि प्रशिक्षणावर. कायदा कराल, मग लोक 'आढळून येत नाही' लिहायला शिकतील. त्यापेक्षा अहवाल आला त्याच दिवशी वेबसाइटवर टाका, कलम ४ मध्ये आपणहून जाहीर करायचं लिहिलेलंच आहे, २००५ पासून.

---

सनद_ताई

तेही चालेल मला. पण २० वर्षं झाली, कोणी टाकतंय का?

---

माजी_अभिलेखपाल

नाही.

बरं वाटसरू, तुला कामाचं सांगतो. २०१८ चा शासन निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला मोकळे ठेवायचे, जिल्हा पातळीवरची आणि खालची ऑफिसं, महापालिका, नगरपालिका सगळ्यांना लागू. पुष्कळ बाबूंनाच तो माहीत नसतो, जीआरची प्रिंट घेऊन जा. २९ ला सोमवार आहे.

आणि गेलास की फाईल मागू नकोस. फाईल म्हटलं की पोटात गोळा येतो आमच्या लोकांच्या, लगेच 'साहेब मीटिंगला गेलेत'. आवक-जावक नोंदवही माग. ती कोणाला गुपित वाटत नाही, टेबलावरच असते. त्यात बघ चौकशीसंबंधी शेवटचं पत्र कधी आलं, कोणाकडून, विषय काय. ज लावायला तपास चालू असला पाहिजे ना, मग तो संपल्याची तारीख त्या वहीत सापडेल.

---

हडसनपलीकडे

काका, तुम्हाला डीनच्या खोक्यांवर बसवायला पाहिजे होतं.

---

पिंपळपान

पण मूळ प्रश्न राहिलाच की. आता वही बघून, अपील करून, माहिती आयोगाकडे दुसरं अपील करून याला अहवाल मिळेल तेव्हा त्या माणसाची अर्धी टर्म संपलेली असेल. आयोगाला तर मुदतच नाही.

---

माजी_अभिलेखपाल

मग मिळू दे ना अर्ध्या टर्मला. पुढच्या वेळी प्रचारात कागद हातात असेल. अर्ज निवडणूक नसताना टाकायचा असतो, तेव्हा टेबलावर गर्दी पण नसते आणि कोणाला संशय पण येत नाही. तुम्ही लोक आचारसंहिता लागली की जागे होता.

---

कृष्णाकाठचा_वाटसरू (सोमवार, २९ डिसेंबर २०२५)

आत्ताच आलो घरी, चहा पण घेतला नाही, आधी लिहितो.

जीआरची प्रिंट दाखवली, एकाने दुसऱ्याला दाखवली, दुसऱ्याने तिसऱ्याला, वीस मिनिटं गेली. मग एक तरुण क्लार्क म्हणाला बसा काका (मी ४१ चा आहे!), काय बघायचंय. म्हटलं आवकची वही. त्याने विचारलं पण नाही कशाला, तीन वर्षांच्या वह्या समोर ठेवल्या आणि स्वतः मोबाईल बघत बसला.

पावणेपाचला सापडलं. ऑगस्ट २०२३ ची नोंद, जिल्ह्याच्या ऑफिसकडून आलेलं पत्र, विषयाच्या रकान्यात निळ्या शाईत 'पाणीपुरवठा चौकशी - अंतिम अहवालाची प्रत व पुढील कार्यवाहीबाबत'. म्हणजे अहवाल तर आलाच आहे, दोन वर्षं झाली, चौकशी संपलेली आहे. आणि मला ४ डिसेंबरला तपासात अडथळा येईल म्हणून पत्र! फोटो काढू का म्हटलं, तो म्हणाला काढा. काढला.

अपील आज रात्री लिहितो, उद्या देतो. ताई, 'तपास संपलेला असल्याने' हे पहिल्याच वाक्यात टाकू ना? आवक क्रमांक इथे पण टाकतो, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

---

माजी_अभिलेखपाल

आवक क्रमांक इथे टाकू नकोस. अपिलात टाक, पोच घे, मग बोल.

---

सनद_ताई

काका म्हणतात तसंच. आणि पहिल्या वाक्यात टाक. फोटोची प्रिंट जोडताना मागे तारीख आणि वेळ लिही. पोरगं गुणी दिसतंय, त्या क्लार्कचं वर्णन इथे नको होतं करायला, संपादकांना सांगून तेवढं काढून घे.

---

कृष्णाकाठचा_वाटसरू

अरे हो. सांगतो लगेच.